वकिली सोडून सिनेमा: रेयगादासचं उदाहरण कुठवर घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३२, पुण्यात एका कंपनीच्या कायदा विभागात नोकरी, दोन लघुपट करून झालेत, आणि मेक्सिकोच्या कार्लोस रेयगादासचे चित्रपट बघून झोप उडाली आहे. तोही कायदा शिकलेला, त्यानंही चांगली नोकरी सोडली आणि पहिल्याच चित्रपटानं थेट फ्रान्सचा कान महोत्सव गाठला. मग तुम्हीही राजीनामा द्यावा का, आणि त्याचं करिअर नेमकं कशावर उभं राहिलं?

मी २२ वर्षं मराठी चित्रपटांचा लाइन प्रोड्यूसर आहे. दिग्दर्शकाला पडलेल्या स्वप्नाचं बिल ज्याच्या टेबलावर येतं, तो माणूस. त्यामुळे हे उत्तर बिलाच्या बाजूनं येणार. रेयगादास थोर आहे की नाही, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते आहे, पण इथे तो मुद्दा नाही.

राजीनामा हा तुमचा खरा प्रश्नच नाही. पहिला चित्रपट माणूस कसाही करतो. पदरमोड करतो, बायकोचे दागिने ठेवतो, मित्रांना फुकट राबवतो. तिसरा चित्रपट होईपर्यंत घर कसं चालवायचं आणि चित्रपटाची मालकी आपल्याकडे कशी राखायची, हे कठीण. रेयगादासकडून शिकायचं असेल तर ते.

आधी त्याची गोष्ट सरळ करून घेऊ, कारण फोनवर फिरणाऱ्या गोष्टीत ती फारच फिल्मी झालीय. रेयगादास १९७१ सालचा, मेक्सिको सिटीतला. कायदा शिकला, पुढे लंडनला सशस्त्र संघर्षांच्या कायद्याचं विशेष शिक्षण घेतलं, मेक्सिकोच्या परराष्ट्र सेवेत काम केलं. बेल्जियममध्ये असताना लघुपट करून हात बसवला. म्हणजे एका सकाळी कोट खुंटीला टांगला आणि कॅमेरा उचलला, असं काही घडलेलं नाही. ‘हापोन’ २००२ साली आला तेव्हा तो तिशीत होता. स्पॅनिशमध्ये हापोन म्हणजे जपान, आणि चित्रपटात जपान औषधालाही नाही. हिदाल्गो राज्यातल्या एका खोल दरीतलं गाव, तिथे मरायला म्हणून आलेला शहरी माणूस आणि त्याला आसरा देणारी म्हातारी, एवढाच ऐवज. दोघंही व्यावसायिक नट नाहीत. रॉटरडॅम महोत्सवातून चित्रपट कानच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात गेला आणि पदार्पणाच्या ‘कॅमेरा द’ऑर’ पुरस्कारात त्याला खास उल्लेख मिळाला.

माझ्यासारखा माणूस हा चित्रपट बघताना आधी काय मोजतो सांगू? माणसं. कॅमेऱ्यामागे किती असतील याचा अंदाज बांधतो. ‘हापोन’ १६ मिलिमीटर फिल्मवर अ‍ॅनामॉर्फिक लेन्स (रुंद चित्र दाबून अरुंद फिल्मवर बसवणारी) लावून केलाय आणि नंतर ३५ मिलिमीटरवर मोठा केलाय. त्या काळी १६ची फिल्म स्वस्त, कॅमेरा हलका, पण अ‍ॅनामॉर्फिकमुळे चौकट सिनेमास्कोपची रुंद. दरी, आभाळ, पाऊलवाट, सगळं मावतं. फिल्म वाढवल्यामुळे चित्रात दाणे दिसतात, आणि ते त्या खडकाळ मुलखाला शोभतात. पैशांची अडचण चित्रपटाच्या रूपातच जिरवलेली आहे. शेवटी रेल्वेरुळांवरून कॅमेरा गोल फिरत पुढे सरकत राहतो, तो लांबलचक शॉट आठवा. अपघात दाखवलेला नाही, अपघातानंतरचं दाखवलंय. हा निर्णय कलेचा आहेच, पण अपघात उभा करायला काय खर्च येतो ते मला विचारा.

युनिट लहान का हवं, हे मी पुस्तकात वाचलं नाही, वेल्हे तालुक्यात शिकलो. जुलैचा महिना, आमचं ६२ जणांचं युनिट, आणि एका भूमिकेसाठी गावातलीच सत्तरीची आजी घेतलेली. दोन दिवस तिनं असं काम केलं की कॅमेरामन मान खाली घालून रडला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिच्या दारात गेलो तर आजी इरलं घेऊन बाहेर पडत होत्या. म्हणाल्या, “लावणी लागली बाबा. आता सोमवारी.” तो दिवस गुरुवार होता. जनरेटर, लाइट, गाड्या, ६२ माणसांचं राहणं-खाणं धरून दिवसाचा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात. चार दिवस थांबणं म्हणजे सात लाख पावसात. थांबलो नाही. पुण्याहून एक बाई आणल्या, लुगडं नेसवलं, नखांत चिखल भरला. क्लोजअपमध्ये तळहात आला आणि सगळं मुसळ केरात, कारण तो तळहात मऊ होता. एडिटला तो अख्खा प्रसंग गेला.

पुढे काही वर्षांनी दुसरा चित्रपट केला, त्यात आम्ही ११ जण, दोन गाड्या, उतरलेलो शाळेच्या खोलीत. तिथेही माणूस आला नाही. गुराला बरं नव्हतं म्हणून. आम्ही तीन दिवस थांबलो, साउंडवाल्यानं पावसाचे सतरा प्रकार रेकॉर्ड केले, खर्च झाला साठ हजारांच्या आत. माणूस आला, सीन झाला.

रेयगादासचं सगळं काम असं थांबण्यावर उभं आहे. २००७ सालच्या ‘लुस सिलेन्सिओसा’त चिवावा राज्यातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची वस्ती आहे, आणि बोली स्पॅनिश नव्हे तर त्यांची जुनी, जर्मन वळणाची प्लाउटडिच. चित्रपट सूर्योदयानं सुरू होतो. काळोख, तारे, किडे, मग हळूहळू फटफटतं, आणि हे मिनिटांच्या हिशेबानं चालतं. असा शॉट घेण्यासाठी पहाटे हवं तसं आभाळ मिळेपर्यंत थांबता आलं पाहिजे. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणजे काय, याची माझी व्याख्या एवढीच आहे: ज्याला थांबणं परवडतं तो.

आता पैशांकडे येतो. “मेक्सिकोत सरकार पैसे देतं, आपल्याकडे कुठे?” हे वाक्य मी दर महोत्सवात चहाच्या टपरीवर ऐकतो. ते अर्धं खरं आहे. मेक्सिकोची सरकारी चित्रपट संस्था इमसिने १९८३पासून आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेखक-दिग्दर्शकांच्या सिनेमासाठी फोप्रोसिने नावाचा निधी आला. पुढे एफिसिने ही करसवलत आली. एखादी कंपनी आपल्या आयकराच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, रक्कम मंजूर झालेल्या चित्रपटात घालते आणि तेवढी रक्कम तिला करातून वळती करून मिळते. एका चित्रपटाला २ कोटी पेसोंपर्यंत अशी मदत मिळू शकते. ऐकायला झकास. पण प्रकल्प मंजूर झाला तरी कंपनी निर्मात्यालाच शोधावी लागते. सिमेंटवाले, औषधवाले, बाटलीबंद पाणीवाले यांच्या हिशेब विभागात फाइल घेऊन बसायचं. तुमच्यासारख्या कायदा विभागातल्या माणसानं ‘बघतो’ म्हटलं की चार महिने गेले.

आणि सरकारी विहिरीचं पाणी सरकारच्या मर्जीवर. २०२० साली तिथल्या संसदेनं १०९ सरकारी न्यासनिधी बंद केले, त्यात चित्रपटांचा फिदेसिनेही गेला. फोप्रोसिनेही त्याच वर्षी संपला. नंतर २०२१मध्ये फोसिने नावाची नवी योजना आली, पण ज्यांची पटकथा आणि माणसं अधल्यामधल्या काळात लटकली, त्यांचं दुःख तुम्हाला आपल्याकडच्या अनुदानाची वाट बघणाऱ्या कुठल्याही निर्मात्याकडून समजेल. आपल्याकडे राज्याचं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. ते कर्ज फेडायला उपयोगी, चित्रपट सुरू करायला नाही. शिवाय एक तारीख लक्षात घ्या: ‘हापोन’ २००२चा आहे, एफिसिने त्यानंतरची. त्याचा पाया त्या योजनेवर घातलेला नाही.

मग कशावर? माझ्या मते एका भागीदारीवर, आणि या भागाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण त्यात प्रेरणा वगैरे काही नाही. हाइमे रोमान्दिया नावाच्या निर्मात्याची मांतारराया ही कंपनी सुरुवातीपासून रेयगादासच्या मागे आहे. रेयगादासची स्वतःची नोड्रीम. ही दोन नावं त्याच्या चित्रपटांवर पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांच्या जोडीला चित्रपटागणिक बदलणारे युरोपातले सहनिर्माते. निर्माता तोच राहिला की काय होतं? पहिल्या चित्रपटात केलेली चूक दुसऱ्याच्या बजेटमध्ये दुरुस्त होते. पहिल्याच्या विक्रीतून आलेला पैसा दुसऱ्याच्या पटकथेला लागतो. आपल्याकडे दिग्दर्शक दर चित्रपटाला नवा निर्माता शोधतो आणि दर वेळी पहिलीच्या वर्गात बसतो.

त्या घरात आणखी काय पिकलं बघा. ग्वानाहुआतोचा आमात एस्कालान्ते हा तरुण रेयगादासच्या ‘बाताया एन एल सिएलो’वर सहायक होता. त्याचा पहिला चित्रपट ‘सांग्रे’ २००५ सालचा, मांताररायाचाच. २०१२ साली कानचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार रेयगादासला ‘पोस्ट तेनेब्रास लुक्स’साठी मिळाला, लगेच २०१३ साली तोच पुरस्कार एस्कालान्तेला ‘एली’साठी. लागोपाठ दोन वर्षं, एकाच घरात. रेयगादासची पत्नी नातालिया लोपेस ही त्याच्या चित्रपटांची संकलक. २०२२ साली तिनं स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात ज्युरीचा ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार मिळाला. याला तुम्ही कंपू म्हणा हवं तर. मी त्याला बिऱ्हाड म्हणतो. चुलीवर कुणाची ना कुणाची तरी डाळ शिजत असते, त्यामुळे चूल विझत नाही.

तुम्ही लिहिलंय, “तो एकटा लढला.” नाही हो. एकट्यानं लढताना मी ज्यांना बघितलं, ते बहुतेक आज मालिकांचे एपिसोड डायरेक्टर आहेत. त्यात वाईट काही नाही, पगार वेळेवर मिळतो.

आता वेळेचा हिशेब, कारण राजीनाम्याचा निर्णय इथे होतो. २००२, २००५, २००७, २०१२, २०१८. सोळा वर्षांत पाच चित्रपट, आणि हा जगभर नाव असलेला, कानमध्ये पुरस्कार घेतलेला माणूस आहे. शेवटचे दोन टप्पे पाच आणि सहा वर्षांचे. २०१८च्या ‘नुएस्त्रो तिएम्पो’त तर तो आणि नातालिया स्वतःच मुख्य भूमिकांत आहेत. यातले शूटिंगचे आठवडे मोजले तर सगळे मिळून वर्ष-दीड वर्षापुढे जातील असं मला वाटत नाही. बाकीची चौदा वर्षं लेखन, पैसा, संकलन, प्रवास आणि वाट बघणं. तुम्ही नोकरी सोडणार ती या चौदा वर्षांसाठी. शूटिंगसाठी सोडायची असेल तर बिनपगारी रजा पुरते.

इथे मात्र मी तुमच्या वतीनं काही ठरवू शकत नाही. घर भाड्याचं की स्वतःचं, आईवडिलांच्या औषधपाण्याचं कोण बघतं, जोडीदाराचा पगार आहे का, मूल आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. दिग्दर्शकांच्या मुलाखतींत या गोष्टी येत नाहीत, पण करिअर त्यावरच तरतं नाहीतर बुडतं. माझा ठोकताळा असा आहे की अठरा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, आणि तो पैसा चित्रपटात घालायचा नाही. एकदा तरी हात जाईल त्याकडे, म्हणून जोडीदाराच्या नावावर ठेवा.

रेयगादासची वाट हीच एकमेव मेक्सिकन वाट आहे, असंही समजू नका. लिला आविलेस ही दिग्दर्शिका रंगभूमीवरून आली. तिचा ‘ला कामारिस्ता’ हा २०१८चा पहिला चित्रपट जवळजवळ सगळा एका मोठ्या हॉटेलात घडतो, खोल्या साफ करणाऱ्या बाईभोवती. एक जागा, एक नटी, बंद काचांपलीकडे शहर. मेक्सिकोनं तो ऑस्करला पाठवला, आणि पुढे २०२३मध्ये तिचा दुसरा ‘तोतेम’ही. त्याच्याही आधी हाइमे उंबेर्तो एर्मोसिओ या दिग्दर्शकानं ‘ला तारेआ’ एका खोलीत, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यापुढे करून दाखवला होता, १९९१ साली. (याच एर्मोसिओच्या १९८५च्या ‘दोन्या एर्लिंदा’त दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोची खरीखुरी आई आईची भूमिका करते. स्वस्तातला कलाकार घरातच असतो!) दऱ्याखोऱ्यांत जायला हवंच असं नाही. तुमच्या आवाक्यातली एक जागा अशी हवी की जिथून तुम्हाला कुणी हुसकावणार नाही.

तुम्ही ‘कोर्ट’वाल्या चैतन्य ताम्हाणेचाही उल्लेख केलात, तो बरोबर आहे आणि मेक्सिकोशी त्याचा धागा खराखुरा आहे. रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो कुआरोननं त्याला निवडलं, कुआरोनच्या ‘रोमा’च्या चित्रीकरणाच्या वेळी तो तिथे होता, आणि पुढे कुआरोन ‘द डिसायपल’चा कार्यकारी निर्माता झाला. त्या चित्रपटाला २०२०मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण क्रम बघा. कुआरोन आला तो ‘कोर्ट’नं २०१४मध्ये व्हेनिस गाजवल्यानंतर. आणि ‘कोर्ट’ व ‘द डिसायपल’ दोन्हींचा निर्माता एकच, विवेक गोम्बर. पुन्हा तेच: गुरू नंतर मिळतो, निर्माता आधी लागतो.

महोत्सवांचंही भूत थोडं उतरवतो. कानला निवड झाली म्हणजे पैसा आला, असं नसतं. तिथून मिळतो तो सेल्स एजंट, म्हणजे चित्रपटाचे हक्क देशोदेशी विकणारा. तो आपली टक्केवारी घेतो, त्याआधी पोस्टर, प्रवास, सबटायटल, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) यांचा खर्च वळता करतो, आणि मग उरलं तर तुमच्याकडे हिशेब येतो. मेक्सिकोतही थिएटरचा प्रश्न आपल्यासारखाच आहे: वर्षाला दोनशेहून अधिक चित्रपट बनतात आणि पडद्यांवर हॉलिवूड. गंमत म्हणजे तिथली सर्वांत मोठी साखळी सिनेपोलिस, मोरेलियाची, आपल्या औंधमध्येही आहे. मोरेलियाचा महोत्सव त्याच घराण्याच्या आश्रयानं २००३पासून चालतो. पण औंधच्या काउंटरवर पॉपकॉर्न घेताना मेक्सिकन सिनेमा लागलेला मी अजून पाहिलेला नाही.

तर आतापर्यंतचं एवढं धरा: युनिट थांबता येईल इतकं लहान, निर्माता तीन चित्रपट टिकेल असा, आणि घरखर्च वेगळ्या डब्यात. हे तीन जमत असतील तर राजीनाम्याची तारीख आपोआप ठरेल. जमत नसतील तर सध्या नोकरी ठेवा, वर्षातून एक लघुपट करा, त्याच चार-पाच माणसांबरोबर. निर्माता त्या चार-पाचांतूनच निघतो, बाहेरून येत नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या वकिलीची. तुम्ही ती ओझं समजताय, मला तर हेवा वाटतो. मागे एका दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट मी सांभाळत होतो. डीआय, म्हणजे रंगांचं शेवटचं डिजिटल काम, एका स्टुडिओत झालं, तीन लाख ऐंशी हजार बाकी राहिले. निर्माता फोन उचलेना. परदेशातल्या महोत्सवाचं निवडपत्र हातात, डीसीपी पाठवायची मुदत अकरा दिवसांवर, आणि हार्डडिस्क स्टुडिओच्या कपाटात. स्टुडिओवाला कपाटाची किल्ली बोटात फिरवत चहा मागवत होता, आणि खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हती. आम्ही करार काढला. साडेचार पानं, त्यातलं दीड पान पोस्टरवर कुणाचं नाव किती मोठं यावर. मास्टर, म्हणजे मूळ प्रत, कुणाच्या ताब्यात राहील, निर्मात्यानं पैसे थकवले तर दिग्दर्शकाला प्रत सोडवून घेता येईल का, परदेशातले हक्क किती वर्षांनी परत येतील, यावर एक ओळ नाही. मुदत गेली. दिग्दर्शक तेव्हा ३४ वर्षांचा होता, दुसरा चित्रपट त्यानं अजून केलेला नाही.

तुम्ही दिवसभर नोकरीत असलीच कलमं लिहिता. आज रात्री पटकथा उघडण्याऐवजी कोरं पान घ्या आणि ही तीन कलमं स्वतःसाठी लिहून बघा. निर्माता अजून सापडलेला नसला तरी चालेल; सापडल्यावर त्यानं ती वाचून काय तोंड केलं, ते मला कळवा.